अपुरे राहिले तेच पुन्हा करावे

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या एका अज्ञात वस्तूचा आकार कसा आहे हे पाहण्यासाठी विमानदलाचे अधिकारी व शास्त्रज्ञ त्या काळसर छायेच्या कडेकडेने हात पसरून उभे राहतात, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी स्थिर झाल्यावर सर्वांच्या एकदमच ध्यानात येते की आपल्या रांगेचे एक पुरे वर्तुळ झाले आहे, असा एक प्रसंग १९५१ सालच्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटात आहे. ते यान आपल्याला धड दिसतही नाही. दिसतात ती उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात गारठ्याने आखडलेली माणसे आणि त्यांच्या पसरलेल्या हातांनी रेखलेली ती आकृती. उडत्या तबकड्यांच्या वार्तांनी तिकडची वर्तमानपत्रे १९४७ पासून भरून जात असल्यामुळे त्या वर्तुळाचा अर्थ प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकताच नव्हती. इतक्या अल्प साधनांत इतका मोठा परिणाम साधणारा चित्रपट पुन्हा काढण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा जुन्याचे अभिमानी करतात, तेव्हा त्यांची बाजू अगदीच लंगडी असते असे मला वाटत नाही. तथापि जॉन कारपेंटर यांनी १९८२ साली त्याच विषयावर काढलेला 'द थिंग' हा चित्रपट त्या जुन्या चित्रपटाहून निःसंशय श्रेष्ठ आहे असे माझे मत आहे, आणि तो श्रेष्ठ का ठरला याची नीट चौकशी केली असता नवी आवृत्ती केव्हा सरस होते व केव्हा फसते या वादाचा निकाल लावणे पुष्कळच सुकर होते.

या दोन्ही चित्रपटांचे मूळ जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हू गोज देअर?' या कथेत आहे. तिच्यातील परग्रहावरचा जीव भयंकर आहे तो त्याच्या बळामुळे नव्हे; ज्याला तो ग्रासतो त्याचेच रूप, त्याचाच आवाज, किंबहुना त्याच्याच स्मृती तो धारण करू शकतो, आणि त्यामुळे दक्षिण ध्रुवावरच्या त्या एकाकी तळावर शेजारच्या खाटेवर झोपलेला सोबती माणूस आहे की माणसाची नक्कल आहे, याची खातरजमा करण्याचा कोणताही मार्ग कोणाजवळ उरत नाही. १९५१ च्या निर्मात्यांनी कथेचा हा गाभाच वगळला. त्यांचा जीव म्हणजे रक्तावर पोसणारा, मनुष्याकृती, वनस्पतिजन्य असा एक धिप्पाड प्राणी आहे. तो दाराबाहेर असतो, आणि दाराच्या आत असलेले सर्व लोक, एका हट्टी शास्त्रज्ञाचा अपवाद सोडल्यास, एकजुटीने, हसतखेळत, नुकत्याच जिंकलेल्या महायुद्धाचा आत्मविश्वास अंगात बाळगून त्याचा बंदोबस्त करतात. रूप पालटणारा जीव पडद्यावर दाखवणे त्या काळच्या तंत्राला झेपण्याजोगे नव्हते हे खरे. परंतु त्यामुळे कॅम्पबेल यांनी विचारलेला प्रश्न पुढे तीस वर्षे अनुत्तरित पडून राहिला, हेही तितकेच खरे.

कारपेंटर यांनी नेमका तोच प्रश्न हाती घेतला. घटनास्थळ पुन्हा दक्षिण ध्रुवावर नेले, बारा पुरुषांना हिवाळ्याच्या तोंडाशी एका तळावर कोंडले, आणि संशय हाच चित्रपटाचा खरा नायक केला. रक्तपरीक्षेचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो विसरणे शक्य नाही. बांधून घातलेले सोबती रांगेने बसलेले. प्रत्येकाचा अंगठा चिरून काढलेले रक्त काचेच्या लहान बशीत. हाती ज्वालायंत्र घेतलेला नायक तांब्याची तार तापवतो आणि एकेका बशीत टेकवतो. चर्र असा आवाज होतो, धुराची बारीक रेघ उठते, आणि तो मनुष्य मनुष्यच असल्याची शाबिती मिळते. पुन्हा तार तापते, पुन्हा चर्र. ज्याच्यावर आपला मुळीच संशय नसतो त्याच्या बशीत तार टेकते, आणि ते रक्तच किंचाळून बशीबाहेर उसळते. ही परीक्षा कॅम्पबेल यांच्या कथेत पूर्वीपासून होती. १९५१ च्या चित्रपटात तिला जागाच नव्हती, कारण तेथे कोणाचा कोणावर अविश्वासच नव्हता. रॉब बॉटिन या पंचविशीही न गाठलेल्या कारागिराने रबर व तत्सम द्रव्यांतून घडवलेली ती बीभत्स रूपांतरे पुष्कळांच्या लक्षात राहतात, आणि ती राहावीत अशीच आहेत. पण चित्रपटाचे खरे सामर्थ्य शेवटी जळत्या तळाच्या उजेडात परस्परांसमोर बसलेल्या त्या दोन माणसांत आहे, ज्यांपैकी एकालाही दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

आणि हे सर्व करणाऱ्या दिग्दर्शकाच्या मनात जुन्या चित्रपटाविषयी अनादर होता असेही नाही. १९७८ च्या आपल्या 'हॅलोविन'मध्ये त्यांनी मुलांना दूरचित्रवाणीवर पाहायला लावला तो हाच १९५१ चा चित्रपट. आदर होता म्हणूनच त्यांनी त्याची नक्कल केली नाही. ते वर्तुळ नव्याने साधण्याच्या भरीस न पडता त्याच्या जुन्या चित्रफितीचा भास होईल असा एक ओझरता निर्देश तेवढा केला, आणि जे पूर्वसूरींनी सोडून दिले होते ते उचलले. त्या वेळच्या समीक्षकांनी या चित्रपटाला कठोर शब्दांत झोडपले. 'ई.टी.' हा प्रेमळ पाहुण्याचा चित्रपट दोनच आठवडे आधी आला होता. २५ जून १९८२ रोजी, ज्या दिवशी 'ब्लेड रनर' प्रदर्शित झाला त्याच दिवशी, हा प्रेमशून्य पाहुणा पडद्यावर आला, आणि प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याचे मोल ठरायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

'द फ्लाय'ची कैफियत अशीच आहे. जॉर्ज लँगलान यांच्या १९५७ च्या कथेवरून दुसऱ्याच वर्षी निघालेल्या चित्रपटात पदार्थाचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी संक्रमण करणाऱ्या यंत्रात शास्त्रज्ञाबरोबर एक माशी शिरते आणि माणसाच्या धडावर माशीचे डोके, माशीच्या धडावर माणसाचे, अशी अदलाबदल होते. कोळ्याच्या जाळ्यात सापडलेला तो इवलासा मानवी चेहरा साहाय्यासाठी टाहो फोडतो तो क्षण अजूनही अंगावर काटा आणतो. परंतु माशीचे मस्तक धारण केलेला मनुष्य विचार कशाने करतो, पत्नीला चिठ्ठ्या लिहून सूचना कशाने देतो, या शंकेला त्या चित्रपटापाशी उत्तर नाही. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी १९८६ साली ही अदलाबदलच रद्द केली. त्यांच्या चित्रपटात यंत्र दोन्ही जीवांचा जनुकांच्या पातळीवर संयोग करते, आणि त्याचा परिणाम तत्काळ दिसत नाही. प्रथम नायकाच्या अंगात विलक्षण शक्ती संचारते; मग नखे गळतात, कान गळतो, दात गळतात; आणि तो मनुष्य, जो अखेरपर्यंत शास्त्रज्ञच राहतो, आपले गळालेले अवयव स्नानगृहातील औषधांच्या कपाटात पुराणवस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंसारखे जपून मांडून ठेवतो. हे कपाट पाहताना ज्याने आपल्या घरात एखाद्या दीर्घ व्याधीने माणूस दिवसेंदिवस वेगळा होत गेलेला पाहिला असेल, त्याला आपण भयपट पाहत आहोत याचे भान राहत नाही. जुना चित्रपट एका अपघाताची गोष्ट होता. नवा चित्रपट व्याधीची, जरेची आणि प्रियजनाला पाहत राहावे लागणाऱ्या स्त्रीची शोकांतिका झाला.

तिसरे उदाहरण थोडे अवघड आहे, कारण 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' हा डॉन सीगल यांचा १९५६ चा चित्रपट स्वतःच अव्वल दर्जाचा आहे. पण त्यात सीगल यांच्या मनाविरुद्ध एक गोष्ट घडली. राजमार्गावर धावत्या मोटारींपुढे उभा राहून नायक जगाला इशारा देतो आणि कोणी ऐकत नाही, येथे त्यांना चित्रपट संपवायचा होता. निर्मितीसंस्थेने रुग्णालयातील आरंभ व शेवट जोडून तपासयंत्रणा जागी झाल्याचा दिलासा प्रेक्षकांना देववला. फिलिप कॉफमन यांनी १९७८ मध्ये तो दिलासा काढून घेतला, लहान गावाऐवजी सॅन फ्रान्सिस्को शहर निवडले, आणि नायकाला आरोग्य खात्याचा निरीक्षक केले. एका खानावळीच्या पाकगृहात तो भांड्यातून उंदराची लेंडी उचलून दाखवतो, मालक ती केपर नावाची मसाल्याची कळी असल्याचे सांगतो, आणि निरीक्षक शांतपणे म्हणतो, मग खाऊन दाखवा. खरे आणि खऱ्यासारखे दिसणारे यांतील भेद ओळखणे हेच ज्याचे काम, त्यालाच अखेर तो भेद उरत नाही. जुन्या चित्रपटातील केव्हिन मॅकार्थी येथे रस्त्यातून तोच इशारा ओरडत पळताना दिसतात, आणि स्वतः सीगल टॅक्सीचालकाच्या भूमिकेत. पुढे १९९३ व २००७ मध्ये ही कथा आणखी दोनदा आली. त्यांपैकी दुसऱ्या आवृत्तीने पुन्हा दिलासा देऊन सगळेच घालवले.

आता दुसरी बाजू. रॉबर्ट वाइज यांचा १९५१ चा 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' हा सर्वांगांनी परिपूर्ण चित्रपट आहे. क्लाटू हा परग्रहावरील दूत वॉशिंग्टनमध्ये उतरतो, एका साध्या भाड्याच्या खोलीत राहतो, एका लहान मुलाबरोबर लिंकनच्या स्मारकाला जातो, आणि आपल्या सामर्थ्याची प्रचीती म्हणून साऱ्या जगाची वीज अर्धा तास बंद करतो; रुग्णालये व आकाशात असलेली विमाने मात्र वगळतो. या अपवादातच त्या पात्राची सारी सभ्यता आली. अणुशक्तीच्या स्पर्धेत उतरलेल्या मानवजातीला तो जे बजावतो त्यात सांगायचे काही उरलेले नव्हते. २००८ च्या आवृत्तीने अणुबाँबच्या जागी पर्यावरण आणले, क्लाटूबरोबरच्या यंत्रमानवाचे कीटकांच्या थव्यात रूपांतर केले, नगरे धुळीस मिळवली, आणि तरीही त्या अर्ध्या तासाच्या शांततेची सर तिला आली नाही.

मूळ कथेकडे परतणे एवढ्यानेच भागते असेही कोणी समजू नये. टिम बर्टन यांच्या २००१ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चा शेवट पिएर बूल यांच्या १९६३ च्या कादंबरीला १९६८ च्या चित्रपटापेक्षा अधिक जवळचा आहे, रिक बेकर यांची रंगभूषा तर पूर्वीहून कितीतरी सरस आहे. पण समुद्रकाठच्या वाळूत अर्धी रुतलेली स्वातंत्र्यदेवता ज्याने एकदा पाहिली त्याला बर्टन यांच्या शेवटातील वानरमुखी लिंकनचे काय कौतुक वाटणार? १९६८ चा चित्रपट कादंबरीच्या पुढे गेला होता. तेथे भरून काढण्याजोगी उणीवच शिल्लक नव्हती.

तंत्राची प्रगती हे पुनर्निर्मितीचे समर्थन म्हणून नेहमी पुढे केले जाते. १९५३ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासीयांची युद्धयाने पेलणाऱ्या तारा काही ठिकाणी दिसतात ही तक्रार जुनीच आहे. पण स्पीलबर्ग यांचा २००५ चा चित्रपट जेथे मनात ठसतो तेथे तो तारा पुसल्यामुळे ठसत नाही. मृतांची राख अंगावर घेऊन घरी आलेला, थिजलेला नायक पाहताना त्या वेळच्या प्रेक्षकाला चारच वर्षांपूर्वीचे न्यूयॉर्क आठवले, म्हणून तो प्रसंग ठसतो. याउलट २०११ साली 'द थिंग'ची पूर्वकथा म्हणून जो चित्रपट निघाला, त्याच्यासाठी कारागिरांनी प्रत्यक्ष घडवलेल्या आकृतींवर नंतर संगणकाने निर्मिलेली चित्रे चढवण्यात आली, आणि १९८२ च्या रबराला जी सजीवता होती ती त्यातून पार नाहीशी झाली.

एकच कथा पुनःपुन्हा सांगण्यात गैर काही आहे असे मराठी माणूस तरी म्हणणार नाही. मोरोपंतांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात, आणि कीर्तनाला बसलेला श्रोता कथा ठाऊक असूनच बसलेला असतो. परंतु चित्रपटाला कोट्यवधी रुपये लागतात, आणि धनको नेहमी गाजलेले नाव मागतो. परिणामी जे चित्रपट पूर्णत्वास पोचल्यामुळे गाजले तेच पुन्हा काढले जातात, आणि उत्तम कल्पना असूनही जे फसले ते दप्तरात पडून राहतात. हा क्रम उलटा व्हावयास हवा. डेव्हिड लिंच यांना १९८४ मध्ये फ्रँक हर्बर्ट यांची अवाढव्य 'ड्यून' कादंबरी १३७ मिनिटांत कोंबावी लागली आणि ती गुदमरली. देनी व्हिलनव यांनी तिला २०२१ व २०२४ मध्ये दोन चित्रपटांची ऐसपैस जागा दिली, आणि तिला प्रथमच श्वास घेता आला.

रॉबर्ट झेमेकिस यांनी आपण व सहलेखक बॉब गेल हयात असेपर्यंत 'बॅक टु द फ्यूचर'च्या पुनर्निर्मितीस संमती मिळणार नाही असे जाहीर केले आहे, आणि ते योग्यच केले आहे. १९८५ च्या त्या चित्रपटात हात घालण्याजोगी एकही फट नाही. ज्यांना पुनर्निर्मितीच करायची आहे त्यांनी १९७६ च्या 'लोगन्स रन'कडे वळावे. ज्या १९६७ च्या कादंबरीवरून तो निघाला तिच्यात समाज एकविसाव्या वर्षी माणसाला मृत्युदंड देतो. चित्रपटाने ती मर्यादा तिसावर नेली, आणि तरुणांनी तरुणांसाठीच चालवलेल्या राज्याची ती भीषण कल्पना तेथेच बोथट झाली. ती कादंबरी पडद्यावर अद्याप आलेलीच नाही.