जुन्या नावाचं काय करायचं?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बचत गटाची बैठक संपली, हप्त्यांचा हिशेब झाला, बायका उठल्या. एक जण मात्र सतरंजीची घडी घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळली. सगळ्या गेल्याची खात्री करून तिने पिशवीतून मोबाईल काढला. "ताई, हे एवढं बघा. पोरगं विचारतंय, इथं काय लिहू?"

पुण्यातल्या एका कंपनीचा फॉर्म होता. नाव, पत्ता, शिक्षण, आणि त्याखाली एक रकाना : यापूर्वी दुसरे कोणते नाव असल्यास लिहा.

तिचं हे पोरगं जन्माला आलं ते मुलगी म्हणून. शाळेत, कॉलेजात मुलीचंच नाव. पुढे डॉक्टर झाले, मानसोपचारतज्ज्ञ झाले, शस्त्रक्रिया झाली. घरात रडारड झाली ती वेगळीच. आता तो मुलगा म्हणून जगतो. आधार कार्डावर नवं नाव आहे, गॅझेटमध्ये छापून आलं आहे. डिग्री मात्र जुन्याच नावाची. मुलाखतीत पास झाला, तिथे कुणाला काही ठाऊक नाही. खरं लिहिलं तर नोकरी जाईल का? नाही लिहिलं तर लपवलं म्हणून जाईल का?

मैत्रिणींनो, दोन नावं असणं आपल्याला काय नवीन आहे? तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की आपण दुसऱ्याच कुणी होतो. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. बँकेत गेलं की लग्नाचा दाखला दाखवा, गॅझेटची प्रत जोडा... हे सगळं आपण केलेलं आहे. फरक एवढाच, की आपलं माहेरचं नाव वाचून कुणी फार तर म्हणतं, "अगंबाई, तुम्ही अमक्यांच्या का?" आणि नातं निघतं. त्या मुलाचं जुनं नाव वाचलं की नातं तुटायची भीती!

आता कंपनीने चौकशी करूच नये का? तसं मी म्हणणार नाही. आपल्या विटा-खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली. दुकानात पोरगा ठेवायचा तर मालक विचारायचाच, गाव कुठलं, कुणाचा? चुलता ओळखीचा निघाला की काम झालं. दुसऱ्याचं सोनं हातात द्यायचं म्हणजे माणूस पारखणारच. आज हेच काम मोठ्या कंपन्या बाहेरच्या एजन्सीला देतात. एजन्सीवाले विद्यापीठाकडे डिग्रीची खात्री करतात, आधीच्या मालकाला विचारतात, पोलीस-कोर्टाची नोंद बघतात, घरचा पत्ता तपासतात. डिग्री जुन्या नावाची असेल तर जुनं नाव लागणारच. एखाद्यावर गुन्हा असला तर तोही जुन्या नावावरच सापडेल.

सरकारी नोकरीत तर साक्षांकन नमुना भरावा लागतो. केंद्र सरकारच्या नमुन्यात नावापाशीच विचारलेलं असतं, नावात किंवा आडनावात कधी भर घातली का, काही गाळलं का. शिवाय माहिती खोटी दिली किंवा लपवली तर अपात्र ठरवू, असा इशाराही असतो. म्हणजे त्या पोराची इकडे आड तिकडे विहीर अशी गत.

भीती खोटी नाही. जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेला उत्तर प्रदेशातल्या एका शाळेने 2022 साली काही दिवसांतच घरी पाठवलं. 2023 साली गुजरातमधल्या एका शाळेने नेमणूक देऊ केली आणि त्यांची ओळख कळल्यावर नाकारली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई द्यायला लावली आणि अशा व्यक्तींना नोकरीत समान संधी मिळावी म्हणून धोरण सुचवायला माजी न्यायमूर्ती आशा मेनन यांची समिती नेमली. पण कोर्टाची पायरी किती जणांना चढता येते?

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण बीडच्या ललित साळवे यांचं. ते महिला कॉन्स्टेबल म्हणून पोलीस दलात होते. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी सरकारने परवानगी दिली, 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष कॉन्स्टेबल म्हणून त्याच खात्यात राहिले. फार मोठी गोष्ट झाली ही! पण त्यासाठी त्यांचं जुनं नाव, जुना फोटो, सगळं वर्तमानपत्रांत आलं. (ते नाव मी इथे लिहीत नाही. लेखाचा विषयच तो आहे.) त्यांनी हे धैर्याने पेललं. पण साधी नोकरी मिळवायला प्रत्येकाने एवढं धैर्य का दाखवावं?

कायदा काय म्हणतो? एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले. 2019 साली संसदेने कायदा केला, त्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली. 2020 च्या नियमांत तर असं घातलं, की प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं, त्यात कर्मचाऱ्याची लिंगओळख गुप्त राखण्याची हमी असावी आणि तक्रार ऐकणारा अधिकारी कोण तेही सांगावं. कागदावर हे आहे. पण किती ऑफिसांतल्या माणसांनी हा कागद वाचला असेल?

इंग्लंडमध्ये यावर एक साधा तोडगा काढलेला आहे. तिथे नोकरीआधी गुन्ह्यांच्या नोंदी तपासणारी सरकारी संस्था आहे, डीबीएस. ज्याने लिंगबदल केला आहे तो आपलं जुनं नाव मालकाकडच्या फॉर्मवर न लिहिता थेट त्या संस्थेतल्या ठरावीक लोकांना कळवू शकतो. ते दोन्ही नावांवर तपासणी करतात. जुन्या नावावर काही गुन्हा नसेल तर दाखल्यावर ते नाव येतच नाही. तपासही पुरा, अब्रूही शाबूत. आपल्याकडे हे का होऊ नये?

तर त्या दिवशी आम्ही काय केलं? फोनवर त्याला सांगितलं, बाबा, खोटं लिहू नकोस. रकान्यात जुनं नाव लिही. गॅझेटची प्रत जोड. सोबत एक पत्र दे, की हे नाव फक्त कागद तपासण्यासाठी दिलं आहे, ते ज्याच्याकडे तपासणीचं काम आहे त्याच्यापुरतंच ठेवावं. ते कुणाकुणाला दिसणार तेही लेखी विचार. पत्राची नक्कल जपून ठेव. आणि अडलंच तर सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे सल्ला मिळतो.

कंपनीतून एका बाईंचा फोन आला. नीट बोलल्या, नवीन नावाने हाक मारली. नोकरी पक्की झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. पत्ता तपासायला एजन्सीचा माणूस आमच्याकडे आला. आईचं दार बंद होतं, म्हणून त्याने शेजारी विचारलं. कागद बघून जुनं नाव घेतलं आणि वर, "आता ते मुलगा झालेत ना?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर! दोन महिने ती माउली बचत गटाला आली नाही. हप्ता मुलीच्या हातून पाठवायची.

कंपनीने पथ्य पाळलं, नाव फुटलं ते दारात. एजन्सीच्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं, की पत्ता विचारायला नाव सांगावं लागत नाही. तो चुकला हे खरंच. पण ते घरोघर पोचवलं कुणी? आपणच ना?

मैत्रिणींनो, उद्या आपल्याही दारात कुणी कागद घेऊन उभं राहील आणि शेजारच्या पोराबद्दल विचारेल. "हो, इथंच राहतात, चांगली माणसं आहेत," एवढं सांगून दार लावता येतं. आपल्या मुलीचं लग्न ठरताना शेजारणीने असंच बोलावं असं आपल्याला वाटतं ना? मग त्या आईलाही तसंच वाटत असेल.

परवाच्या बैठकीला ती आली. कुणी काही विचारलं नाही. मी सतरंजीचं एक टोक धरलं, तिने दुसरं.