काशीबाईंना लिहितं कोणी केलं?

मैत्रिणींनो, आठ मार्चची भाषणं आपण सगळ्याच जणी ऐकतो. त्यात काशीबाई कानिटकरांचं नाव निघालंच, तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'गोविंदरावांसारखा पती लाभला म्हणून त्या लेखिका झाल्या.' टाळ्या पडतात. कोणासाठी? गोविंदरावांसाठी!

या टाळ्यांशी माझं भांडण आहे.

काशीबाई १८६१ साली सांगलीजवळच्या आष्ट्याला जन्मल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा पुढे वकील झाला, साहित्याचा शौकीन. त्याला बायको शिकलेली हवी होती आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते अजिबात नको होतं. नवऱ्याची इच्छा मोडायची नाही आणि मोठ्यांची मर्जीही सांभाळायची. दोन्हीकडून बोलणी खाणार कोण? ती पोरच. अशा घरात ती मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकली. तिने डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. 'रंगराव' ही तिची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली, 'पालखीचा गोंडा' १९२८ साली. या दुसऱ्या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती येतो! आजच्या सरपंच बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसलेला पाहिला की ही कल्पना केवढी धीट होती ते कळतं.

गोविंदरावांचं ऋण मी नाकारत नाही. स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचा मिलचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, हे साधं काम नव्हे. पण दार उघडणारा वेगळा आणि वाट चालणारी वेगळी. नवऱ्याने शिकवलेल्या बायका त्या काळात आणखीही होत्या. त्या सगळ्यांनी काही कादंबऱ्या लिहिल्या नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. इंग्लंडच्या गादीवर खुद्द बाई बसली होती, व्हिक्टोरिया. तिच्याच राज्यात शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर' १८४७ साली 'करर बेल' या नावाने छापली गेली आणि मेरी ॲन इव्हान्सने 'जॉर्ज एलियट' हे पुरुषी नाव घेतलं. तिथे बाईने नाव लपवायचं. इथे नाव बाईचंच राहतं, पण श्रेय नवऱ्याच्या खात्यात जमा होतं. हरिभाऊ आपटे कानिटकरांच्या घरचे स्नेही. त्यांनी लिहिलेली यमूची कहाणी आपल्याला माहीत आहे, आणि ती मोठीच आहे. पण 'पालखीचा गोंडा' आपल्यापैकी किती जणींनी हातात घेतली आहे?

शिवाय, चांगला नवरा मिळणं हाच धडा असेल, तर तो न मिळालेल्यांनी काय करायचं? काशीबाईंच्या पाठीशी ब्राह्मण वकिलाचं घर होतं, पुस्तकं होती. फलटणच्या बेबीताई कांबळेंकडे काय होतं? दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी. ती त्यांनी वाचली, आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षं वह्या लपवून लिहिलं. त्याचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक झालं. इथे परवानगी कोणी दिली होती?

आता आपल्या नांदेड-लातूरकडे बघा. काशीबाई लिहीत होत्या तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. सरकारदरबारी आधी फारसी, मग उर्दू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. त्याच वर्षी काशीबाई वारल्या. म्हणजे तिचं अख्खं लेखन होऊन गेलं, तेव्हा कुठे आपल्याकडे पहाट झाली. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० साली निघालं, नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली. आपल्या पणज्यांना प्रत्येकी एक गोविंदराव मिळाला असता, तरी त्या शिकल्या कुठे असत्या? बाई लिहिती होण्यासाठी शाळा लागते, आपली भाषा लागते, पुस्तक लागतं, रिकामा तास लागतो. हा हक्काचा प्रश्न आहे. तो एकेका नवऱ्याच्या भलेपणावर सोडता येत नाही.

आणि आज? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ज्या शिकतात त्यांच्यासाठी लातूर पॅटर्न आहे. गाईड, टेस्ट, मार्क. पोरी डॉक्टर होतात, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच पोरीने कादंबरी हातात घेतली की घरचे आणि सर एका सुरात म्हणतात, 'अवांतर वाचन परीक्षेनंतर.' परीक्षेनंतर लग्न येतं, लग्नानंतर सासरचे. काशीबाईंच्या घरच्यांनाही तिचं वाचणं असंच नको होतं. आता कारण तेवढं बदललं.

म्हणून पुढच्या आठ मार्चला टाळ्यांऐवजी कामं करू. गावच्या ग्रंथालयात जाऊन काशीबाईंची पुस्तकं मागू. नसतील तर लेखी मागणी देऊ. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीने लिहून घ्यायचं. आणि भाषणात कोणी 'पती लाभला म्हणून' म्हटलं, तर उभं राहून विचारायचं: लिहिलं कोणी?