हिशेब वाचायला शिकवणारी वाट

भ्रष्टाचाराविरुद्धचा लढा म्हटले की राजधानीत रामलीला मैदान आणि जंतरमंतर यांची आठवण प्रथम निघते. तथापि, गेल्या तीन दशकांत ज्या लढ्याने केंद्रीय कायद्यांवर सर्वांत टिकाऊ ठसा उमटवला, त्याचा उगम राजधानीत झाला नाही. मध्य राजस्थानच्या कोरडवाहू पट्ट्यात, दुष्काळी कामावरील मजुराला पूर्ण मजुरी का मिळत नाही, या साध्या प्रश्नातून तो सुरू झाला. हा प्रश्न मजुरांच्या बरोबरीने लावून धरणारी माणसे कायदेपंडित नव्हती आणि पक्षनेतेही नव्हती. ती समाजकार्यातून आली होती. समाजकार्याकडून भ्रष्टाचारविरोधी लोकशिक्षणाकडे जाणारी ही वाट आज पुन्हा तपासून पाहण्याचे निमित्त संसदेनेच दिले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे एक उपकलम बदलले. या वाटेवरचे बहुतेक काम त्याच उपकलमाच्या आधारे चालत आले आहे.

सेवेकडून संघटनेकडे

अरुणा रॉय १९६८ साली भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या आणि १९७५ साली राजीनामा देऊन बाहेर पडल्या. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या समाजकार्य व संशोधन केंद्रात त्यांनी १९८३ पर्यंत काम केले. पाणी, आरोग्य, शिक्षण, हस्तोद्योग ही त्या काळच्या स्वयंसेवी कार्याची नेहमीची चौकट होती. या चौकटीत गरिबाची गरज काही अंशी भागते. परंतु त्याच्या नावाने सरकारी तिजोरीतून निघालेला पैसा कुठे अडतो, हा प्रश्न चौकटीबाहेरच राहतो. १९८७ मध्ये निखिल डे आणि शंकर सिंह यांच्यासह त्या राजसमंद भागातील देवडुंगरी या खेड्यात राहायला गेल्या. १ मे १९९० रोजी तेथे मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली.

शंकर सिंह यांचा उल्लेख येथे केवळ उपचार म्हणून केलेला नाही. कठपुतळी, गाणे आणि पथनाट्य ही त्यांची साधने होती. साक्षरता आणि आरोग्याच्या प्रचारासाठी वापरली जाणारी हीच साधने पुढे अंदाजपत्रक, हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका समजावून सांगण्यासाठी वापरली गेली. समाजकार्यात कमावलेले कौशल्य हिशेबाच्या शिक्षणात उपयोगी पडले, ते असे.

कागदापर्यंतचा प्रवास

मजुरी कमी का, असे विचारले की ‘काम कमी झाले, मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद आहे’ असे उत्तर मिळे. ती पुस्तिका दाखवा म्हटले, तर ती गोपनीय ठरे. मजुरीच्या भांडणातून माहितीच्या हक्काची मागणी निघाली, ती याच टप्प्यावर. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेली कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली गेली. जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांची नावे हजेरीपटावर निघाली. अपुऱ्या बांधकामांवर पूर्ण खर्च पडल्याचे दिसले. निरक्षर मजुरालाही शासकीय नोंद खरी की खोटी हे सांगता येते, कारण त्या नोंदीतील घटनेचा तो स्वतःच साक्षीदार असतो. जनसुनवाईचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत होते.

१९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत कागदपत्रे खुली करण्याचे आश्वासन दिले. त्याची अंमलबजावणी होईना, तेव्हा एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. त्याच वर्षी लोकांच्या माहिती अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली आणि कायद्याचा प्रारंभीचा मसुदा प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने तयार झाला. राजस्थानातील मजुरांच्या मागणीला कायद्याची भाषा देण्यात एका मराठी न्यायविदाचा असा वाटा आहे. माहिती अधिकार विधेयक ११ मे २००५ रोजी लोकसभेत आणि १२ मे रोजी राज्यसभेत संमत झाले. १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा पूर्णपणे अमलात आला.

दोन वाटा, दोन फलिते

महाराष्ट्रातही याच काळात समांतर प्रवास घडत होता. राळेगणसिद्धी येथील पाणलोटाच्या कामातून पुढे आलेल्या अण्णा हजारे यांनी १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केले. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, महाराष्ट्राला माहिती अधिकाराचा प्रभावी कायदा मिळाला, त्यात या आंदोलनाच्या रेट्याचा वाटा मोठा होता. मात्र २०११ मध्ये हा प्रवाह दिल्लीत पोहोचला, तेव्हा त्याचे स्वरूप पालटले होते. मागणी एका बलाढ्य यंत्रणेची होती. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व अधिकार एकाच संस्थेच्या हाती देण्यास तेव्हाच हरकत घेतली आणि वेगवेगळ्या कायद्यांचा संच सुचवला.

दोन्ही वाटांचे फलित आज तपासता येते. लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये अमलात आला. पहिल्या लोकपालांची नियुक्ती होण्यास मार्च २०१९ उजाडले. तक्रार निवारणाचे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि सभागृहाच्या मुदतीबरोबरच रद्दबातल झाले. जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र निघाली नाही. तळेगाव दाभाडे येथे जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टी यांची हत्या झाली होती, हे लक्षात घेता या दिरंगाईची किंमत महाराष्ट्राला वेगळी सांगण्याची गरज नाही.

लोकशिक्षणाची वाट तुलनेने कमी गाजली, पण ती प्रशासनात रुजली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेवर सोपवले. आंध्र प्रदेशात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली गेली आणि राजस्थानच्या संघटनेत घडलेल्या सौम्या किदांबी यांनी तिचे नेतृत्व केले. मजूर कुटुंबांतील तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन, स्वतःचे गाव वगळून इतर गावांचे हिशेब तपासण्यास पाठवण्याची पद्धत तेथे बसली. २०१७ मध्ये मेघालयाने सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. राजस्थानने २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम राबवला. एकेकाळी चळवळीतला छंद समजले गेलेले काम अशा रीतीने पेशा म्हणून आकाराला आले.

या वाटेच्या मर्यादाही उघड आहेत. लोकशिक्षण गुन्हा दाखवून देते. शिक्षा देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. काही सरपंचांनी भर जनसुनवाईत पैसे परत केले, हे खरे. परंतु सामाजिक अंकेक्षणात निघालेल्या रकमांची वसुली देशभर रेंगाळत आली आहे. शिवाय अंकेक्षण करणाऱ्या यंत्रणेचा निधी सरकारमार्फतच येतो आणि तो थकला की तपासणीही थकते.

कळीचे उपकलम

तरीही खरा पेच निधीचा नाही, कागदाचा आहे. मूळ माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) नुसार, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. व्यापक जनहित असल्यास तीही देता येई. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही तेथे होते. माहितीच्या बाबतीत सामान्य नागरिकाला लोकप्रतिनिधीच्या बरोबरीला बसवणारे ते वाक्य होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या कायद्याने या साऱ्याच्या जागी ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढीच तरतूद ठेवली.

सरकारची बाजू अशी की, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे आणि जनहितार्थ माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु व्यवहारात माहिती अधिकारी काय करील, हे प्रशासनात वावरणाऱ्यांना ठाऊक असते. नकार देण्यास एक सोपे कारण असेल आणि माहिती देण्यासाठी जनहिताचा तोल स्वतःच्या सहीने ठरवावा लागणार असेल, तर खालचा अधिकारी जोखीम कशाला घेईल? २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत काढून ती केंद्राच्या नियमांवर सोपवली असल्याने, अपिलात भक्कम आधार मिळण्याची खात्रीही पूर्वीइतकी उरलेली नाही.

हजेरीपट म्हणजे मुळात नावांची यादी. शिधापत्रिकांची यादी, निवृत्तिवेतनाची यादी, घरकुलाची यादी या सर्वांत माणसांची नावे असतात आणि नाव ही वैयक्तिक माहितीच आहे. कोट किराण्यात मोठ्याने वाचली गेली ती नावेच. ती गाळून उरलेला कागद जनसुनवाईत वाचता येईल, पण त्यातून खोटे काय हे कोणत्याही गावाला ओळखता येणार नाही. लाभार्थी याद्या आणि सार्वजनिक कामांचे हिशेब वैयक्तिक माहितीच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळणारा शब्द कायद्यात घालणे संसदेला अवघड नाही. तो घातला जात नाही तोवर, हिशेब वाचायला शिकलेल्या माणसांच्या हाती वाचण्यासारखा हिशेब राहील की नाही, हे प्रत्येक कचेरीतील टेबलावर वेगवेगळे ठरत राहील.