शून्य रुपयांचं तिकीट
नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकात पुण्याची एसटी लागली, की एखाद्या आजीच्या पिशवीतून चिवड्याचा घमघमाट ठरलेलाच. नातवंडं दोनशेहून अधिक किलोमीटरवर, सिन्नर-संगमनेरच्या पल्याड. या दोन शहरांत सरळ लोहमार्ग नाही, त्यामुळे भिस्त लाल गाडीवरच. त्यात 26 ऑगस्ट 2022 पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली; पासष्टीनंतर अर्धं तिकीट होतंच. (रेल्वेनं मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली, हे आजोबा अजून विसरलेले नाहीत.) कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घडी करून बटव्यात टाकायचं. व्हिडिओ कॉलवर नातू गोष्ट ऐकतो खरा, पण त्याच्या डोक्यावर तेल थापायला पुणंच गाठावं लागतं.