स्वयंपाकघरातील विद्यापीठ

आमच्या एका वाचकबंधूंनी पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या गावच्या पतसंस्थेचे चिटणीस आणि महिला मंडळाच्या दोन भगिनी यांना धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्राने चार दिवसांच्या शिबिरास बोलाविले आहे. त्यावर वाचकबंधू लिहितात, "फादर, ही माणसे घरचे खाऊन गावासाठी राबतात. सेवेला मन लागते, ते त्यांच्यापाशी आहे. मग त्यांना या वयात पुन्हा शाळेत कशाला बसवायचे?"

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि असे वाटणारे ते एकटेच नाहीत. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात हाच सूर आम्ही अनेकदा ऐकला आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम आमच्या पाहण्यातील एक गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. तेथे वीसपंचवीस कुटुंबांची एक लहानशी बचत संस्था होती. चिटणीस अत्यंत सज्जन गृहस्थ, दुसऱ्याच्या पैशाला कधी हात न लावणारा. परंतु जमा रकमा तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहून ठेवी, पावत्या बिस्किटांच्या डब्यात टाकी आणि कोणास किती कर्ज दिले ते तोंडपाठ ठेवी. पुढे तो आजारी पडला. तीन महिने अंथरुणास खिळला, आणि संस्थेचा सारा हिशेब त्याच्याबरोबरच अंथरुणास खिळला. लोकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी त्याने दोन म्हशी विकून तूट भरून दिली. ती खरोखर तूट होती की नुसता बेरजेचा घोटाळा, हे आजतागायत कोणास ठाऊक नाही. संस्था मोडली. त्या घरची माणसे रविवारी सर्वांत मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात.

या माणसापाशी मन नव्हते असे कोण म्हणेल?

आता आपण दूरच्या एका प्रदेशाकडे वळू. कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील अँटिगोनिश या लहान गावी एक काथलिक विद्यापीठ आहे, आणि गोव्याच्या वाचकांस ऐकून आनंद होईल की ते सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाचे आहे. शंभर वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरील मासेमारांची दशा आपल्याकडील उचल घेणाऱ्या मजुरासारखीच होती. व्यापारी जाळी, मीठ, पीठ उधारीने देई, आणि मासळी आली की तिचा भावही तोच ठरवी. वर्षाअखेर हाती पैसा क्वचितच येई. घरची तरणी मुले बॉस्टनकडे निघून जात.

त्या विद्यापीठात जेम्स टॉम्पकिन्स नावाचे धर्मगुरू उपप्रमुख होते. शरीराने किरकोळ, बोलण्यात तिखट, आणि वर्तमानपत्रांची कात्रणे व पुस्तिका दिसेल त्याच्या हातात कोंबण्याची त्यांना सवय. विद्यापीठाने चार भिंतींबाहेर जावे, हा त्यांचा ध्यास. १९२१ साली त्यांनी 'लोकशाळा' भरविली. फारसे न शिकलेले शेतकरी काही आठवडे विद्यापीठात येऊन शिकले. कोणास प्रवेशपरीक्षा नाही, पदवीची अट नाही. पुढे विद्यापीठांच्या एकत्रीकरणाच्या प्रश्नावर महागुरूंशी त्यांचा मतभेद झाला, आणि १९२२च्या अखेरीस त्यांची नेमणूक कॅन्सो नावाच्या दरिद्री मासेमार धर्मग्रामात झाली. धर्मगुरूंच्या बदल्यांविषयी आम्ही येथे अधिक काही लिहू नये हे बरे. एवढे मात्र खरे की ही बदली झाली नसती, तर पुढचे पुष्कळ घडलेही नसते.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या राज्यसंघाला साठ वर्षे झाली. देशभर उत्सव होता. कॅन्सोचे मासेमार मात्र एकत्र जमले आणि आपण कसला उत्सव करावयाचा असे विचारू लागले. त्यांची तक्रार वर्तमानपत्रांतून गाजली व सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढे टॉम्पकिन्स यांचे आप्त फादर मोझेस कोडी यांनी साक्ष दिली. १९२८ साली विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला व त्याची धुरा कोडी यांच्याकडे दिली. मासेमारांची संघटना १९३० साली उभी राहिली, तीही त्यांच्याच परिश्रमाने.

कोडी यांची रीत अशी. गावी जाऊन प्रथम एक मोठी सभा घ्यावयाची. ते धिप्पाड गृहस्थ होते व आवाज खणखणीत होता, त्यामुळे सभा गाजे. परंतु सभेने काही होत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून सभा संपताच लोकांची लहान लहान अभ्यासमंडळे पाडली जात. एकेका मंडळात पाच ते दहा शेजारी, आणि जमावयाचे ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, कारण थंडीच्या दिवसांत ऊब तेथेच असे. विद्यापीठ सोप्या भाषेतील पुस्तिका पाठवी. मंडळातीलच एकजण ती वाचे, बाकीचे वाद घालीत. आपल्या माशाला हा भाव का? येथे आणि बॉस्टनला भावात इतके अंतर का? मधला पैसा कोण घेतो? महिन्यामहिन्याने आसपासची मंडळे एकत्र येऊन आपण काय शिकलो ते सांगत. काही वर्षांतच अशा मंडळांची संख्या हजारावर गेली.

कॅन्सोजवळ लिटल डोव्हर म्हणून एक वस्ती होती. नुसता खडक, चाऱ्याचे नाव नाही. टॉम्पकिन्स यांच्या प्रोत्साहनाने तेथील लोकांनी अभ्यास केला, मग रानातून लाकूड आणले आणि आपल्याच हातांनी शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. गाईंना चारा नाही म्हणून मुलांच्या दुधासाठी शेळ्या आणल्या. पुढे १९३५ साली टॉम्पकिन्स रिझर्व माइन्स या कोळसा खाणीच्या गावी गेले. तेथे त्यांनी धर्मगुरूंच्या घरातच वाचनालय उघडले, आणि खाणकामगारांनी अभ्यासमंडळ स्थापून, घरबांधणीचा हिशेब शिकून स्वतःची घरे बांधली. पतसंस्थांविषयीही नियम असाच होता. प्रांतात १९३२ साली पतसंस्थांचा कायदा झाला. पण आधी मंडळाने महिनोन् महिने अभ्यास करावयाचा आणि मग नोंदणी करावयाची.

आता वाचकबंधूंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या लोकांपाशी उत्साह भरपूर होता. उणीव होती ती संस्था चालविणाऱ्या माणसांची. दुकान उघडले तर माल कोण मागविणार? पतसंस्था निघाली तर कर्जाचा अर्ज तपासावा कसा, आणि अर्जदार आपला मेहुणा असेल तर नाही कसे म्हणावे? म्हणून १९३०नंतरच्या दशकात विद्यापीठाने गावोगावच्या कार्यकर्त्यांसाठी काही आठवड्यांचे वर्ग सुरू केले. मासेमार, शेतकरी, खाणकामगार तेथे हिशेब, सभाशास्त्र आणि सहकाराचे नियम शिकत. स्त्रियांच्या मंडळांसाठी वेगळ्या कार्यकर्त्या होत्या, त्यांत सेंट मार्था संघाच्या धर्मभगिनीही होत्या. १९४३ साली अँटिगोनिश येथे रेडिओ केंद्र निघाले व वर्ग घरोघरी ऐकू येऊ लागले.

त्या चळवळीतील सर्वच संस्था टिकल्या असे नाही. दुकाने व कारखाने पुष्कळ बंद पडले. पतसंस्था अधिक काळ तगल्या. आमच्या मते याचे एक कारण असे की युद्धानंतर अभ्यासमंडळे ओसरत गेली. दुकान हाती आले, आता शिकावयाचे काय, असे लोकांस वाटू लागले.

कोडी जुलै १९५९मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था त्या विद्यापीठाने स्थापिली. गावात, संस्थेत, सेवाकार्यात असलेल्या प्रौढ कार्यकर्त्यांना शिकविणे हेच तिचे काम. १३०हून अधिक देशांतील हजारो माणसे तेथे शिकून गेली आहेत. त्यांत आपल्या देशातीलही आहेत.

आपल्या देशातही हे बीज जुनेच आहे. रांचीकडे येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ साली आदिवासी काथलिकांसाठी सहकारी पतसंस्था काढली, ती सावकाराच्या फासातून जमिनी वाचाव्यात म्हणून. वसईच्या काथलिकांनी १९१८ साली काढलेली पतपेढी आज मोठी बँक आहे. फादर जेरोम डिसोझा यांनी १९५१ साली पुण्यास भारतीय सामाजिक संस्था स्थापन केली. ती १९६३ साली दिल्लीस गेली.

तेव्हा शिबिरात काय शिकावे? कीर्द व खतावणी लिहिणे, सभेचे इतिवृत्त व ठराव लिहिणे, थकबाकी मागताना शेजारधर्म न मोडणे, आणि सभेत कोपऱ्यात बसलेल्या बाईला बोलते करणे. शेवटचे सर्वांत अवघड आहे. शिवाय कायदे बदलतात. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. हे ठाऊक नसलेला भला चिटणीस आपल्या संस्थेस अडचणीत आणील. सीमाभागात तर कागद कानडीत येतात, आणि न वाचता सही करण्याची खोड आपल्या लोकांस आहेच.

मात्र सारीच शिबिरे उपयोगाची नसतात, हेही सांगितले पाहिजे. फलक, फाईल, सुग्रास जेवण आणि शेवटी छायाचित्र, असे चार दिवस आम्हीही पाहिले आहेत. शिबिराला जाताना आपली स्वतःची वही बरोबर न्यावी. जे शिबिर ती वही उघडून पाहत नाही, तेथून दुसऱ्या दिवशी परतले तरी चालेल. आणि मजुरीवर जाणाऱ्या भगिनीचे चार दिवसांचे नुकसान तिच्या घराने का सोसावे? तो खर्च धर्मग्रामाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिव्यांची रोषणाई थोडी कमी केली तरी तो भागतो.

आमच्या धर्मग्रामात सुगी आटोपल्यावर दर गुरुवारी, रात्रीच्या जेवणानंतर, असे एक मंडळ बसेल. पहिली बैठक धर्मगुरूंच्या निवासाच्या स्वयंपाकघरात होईल. आठांहून अधिक माणसे तेथे मावत नाहीत. नववा आला तर दुसरे मंडळ निघेल. येताना पेन्सिल व गेल्या वर्षीची जमाखर्चाची वही आणावी, कोरी असली तरी.