मुंबईला? कुणाकडे?

शुक्रवारी रात्री बॅग भरत होते. बॅग म्हणजे काय, पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक आणि एक पुस्तक. आईने दारातूनच विचारलं,
"उद्या कुठे?"
"मुंबईला."
"कुणाकडे?"
"कुणाकडेच नाही. अशीच."
"अशीच म्हणजे?"

आता याला काय उत्तर देणार? शेवटी "अगं, एक प्रदर्शन आहे" असं काहीतरी पुटपुटले आणि झोपले. अठ्ठावीस वर्षांची बाई, स्वतःच्या पगारावर घराचा हप्ता भरते, आणि एका शनिवारसाठी प्रदर्शनाचं निमित्त शोधते. माझंच मला हसू आलं.

आपल्याकडे गावाला जायचं म्हणजे कुणाकडे तरी जायचं. मामाकडे, आत्याकडे, नाहीतर मैत्रिणीकडे. नसेल तर मग काम हवं: लग्न, इंटरव्ह्यू, व्हिसा. फॉर्ममध्ये तिसरा रकानाच नाही. माझा धाकटा भाऊ महिन्यातून दोनदा बाइक काढून कुठेतरी जातो, त्याला फार तर "जेवायला आहेस का रात्री?" एवढंच विचारतात. असो.

माझा हिशोब सोपा असतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, दहा पंचविसाला सीएसएमटीला पोचते. परतीला तीच गाडी संध्याकाळी पाच दहाला. मध्ये पावणेसात तास. ऑफिसात एवढ्या वेळात तीन मीटिंगा आणि एक बग होतो. 1930 साली सुरू झालेली ही गाडी अजूनही डायनिंग कारसकट धावते. घाट संपेपर्यंत चहा आणि चीज टोस्ट झालेला असतो आणि फोन बॅगेत गेलेला असतो.

मुंबईच का? तर माझी मावशी गिरगावात चाळीत राहायची. मे महिन्याची सुट्टी म्हणजे मावशीकडे, हे ठरलेलं. दोन खोल्या, सात माणसं, गॅलरीत वाळणारे कपडे, आणि संध्याकाळी मावशीचं बोट धरून चौपाटी. मग चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आणि मावशी दादाकडे डोंबिवलीला. आता गिरगावात जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे आणि आमचं म्हणावं असं कुणीच नाही. पण शहर काही मावशीबरोबर डोंबिवलीला गेलं नाही ना! ते माझ्यात राहिलंच.

मित्रमैत्रिणींबरोबर मी मुंबईला गेलेच नाहीये असं नाही. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण अर्धा दिवस "कुठे खायचं" यावर मतदान घेण्यात जातो आणि उरलेला अर्धा एकमेकांचे फोटो काढण्यात. घरच्यांबरोबर गेलं की कुणाचे पाय दुखतात, कुणाला ऊन लागतं. त्यात चूक कुणाचीच नाही. फक्त तेव्हा आपण माणसांबरोबर असतो, शहर मागे पडद्यासारखं असतं. एकटं गेलं की ते समोर येऊन बसतं.

या खेपेला स्टेशनातून बाहेर पडले आणि मागे वळून इमारतीकडे पाच मिनिटं नुसतं बघत उभी राहिले. 1888 साली बांधून झालेली ही इमारत. लाखो लोक रोज तिच्या पोटातून धावत जातात. धावायचं नसेल तरच वरचे दगडी प्राणी दिसतात. तिथून हुतात्मा चौक, मग एशियाटिकच्या पायऱ्या, मग काळा घोडा. जहांगीरमध्ये एका चित्रासमोर वीस मिनिटं उभी होते. चित्र समजलं नाही. पण "चल ना आता" म्हणणारंही कुणी नव्हतं :)

मग ओव्हल मैदान. मला मुंबईतली ही जागा सगळ्यात जास्त आवडते. मैदानाच्या मधून जाणाऱ्या वाटेवर उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली टोकदार गॉथिक मुंबई. पश्चिमेला विसाव्या शतकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. 2018 मध्ये युनेस्कोने दोन्ही मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. आणि मध्ये काय? मध्ये चिखलात क्रिकेट. एकाच वेळी पाच-सहा मॅचेस, कुणाचा फील्डर कुणाच्या पिचवर उभा आहे याचा पत्ता नाही. पुण्याला परत आल्यावर आठवडाभर मला ते मैदानच आठवतं.

तर हे झालं सुखाचं. आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही टूरिझमची जाहिरात होईल.

त्याच दिवशी एका बागेत बाकावर बसले होते. दहा मिनिटं झाली असतील, वॉचमन आला. "मॅडम, किसका वेट कर रहे हो?" वाईट नव्हता बिचारा. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ पेपर तोंडावर घेऊन चक्क घोरत होते, त्यांना मात्र त्याने काही विचारलं नाही. म्हणजे आईचाच प्रश्न, फक्त हिंदीत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक आहे, 2011 सालचं, मुंबईतल्या बायकांवरच. त्यांचं म्हणणं असं की बाईला रस्त्यावर असायला काहीतरी कारण दाखवावं लागतं. ऑफिस, भाजी, मुलाची शाळा. निष्कारण रेंगाळणं हा तिचाही हक्क आहे. वाचलं तेव्हा जरा पुस्तकी वाटलं होतं. त्या बाकावर पटलं, कारण माझाही हात आपोआप फोनकडे गेला होता, कामात असल्याचं दाखवायला.

शिवाय पाणी किती प्यायचं हे टॉयलेट कुठे सापडेल यावर ठरतं. अंधार पडायच्या आत परतीची गाडी, हा नियम मी स्वतःच घालून घेतलाय. स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे, पण त्याला वेळापत्रक आहे. आईची काळजी खोटी नाही, हे मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच, की काळजी असेल तर "पोचलीस की फोन कर" म्हणावं. "कुणाकडे?" हा काळजीचा प्रश्न नाही, तो परवानगीचा प्रश्न आहे.

धोबीतलावला इराण्याकडे जेवले. एकट्या माणसाला टेबल अडवू देत नाहीत तिथे. समोर एक अनोळखी आजोबा येऊन बसले, बन मस्का चहात बुडवून खाल्ला, मान हलवली आणि निघून गेले. मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. उजवीकडे लांबवर चौपाटी दिसत होती. आणि अचानक मनात आलं, इथपर्यंत आलोय आणि मावशीला साधा फोन नाही! आपल्यात हा गुन्हाच. "मुंबईला येऊन गेलीस आणि घरी आली नाहीस?" हे ऐकायची तयारी करून फोन लावला.

मावशी रागावली नाही. "कुठे बसलीयस? भरती आहे का?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "चाळीस वर्षं काढली गं गिरगावात. पण तिथे एकटी कधी नाही बसले. नेहमी कुणीतरी हाताला होतंच."

त्या कुणीतरीमध्ये मीही होते, मे महिन्यात, दरवर्षी.

मला पुढे काही बोलता आलं नाही. तीच म्हणाली, "बस जरा वेळ. ठेवते."

पाच दहाची गाडी वेळेवर सुटली. पुढच्या महिन्यात डोंबिवलीला जाणार आहे. ते मावशीकडे जाणं. तिला यायचं असेल तर एक दिवस चौपाटीवर घेऊन येईन, तिला बाकावर सोडून तासभर लांब जाऊन बसेन. पण मुंबईला जाणं हे वेगळं खातं, ते मी बंद करणार नाहीये.

घरी पोचले तर आईने विचारलं, "कसं होतं प्रदर्शन?"
म्हटलं, "प्रदर्शन नव्हतंच. अशीच गेले होते."
"बरं," आई म्हणाली. "वरण गरम करू का?"