लोडर उचलायला घ्या, खोदायला नको



आपल्या पाड्यांत सध्या एकच चर्चा आहे. सामाईक जुन्या ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवायचा. बाजारात जुना लोडर मिळतो, नव्यापेक्षा स्वस्त पडतो, पोरांना हौस आहे. माझं मत विचाराल तर बसवा. उकिरड्यावरचं शेणखत बाया पाट्या भरभरून डोक्यावर वाहतात आणि पुरुष ट्रॉलीत उभे राहून ओतून घेतात. हे थांबलं पाहिजे. पण लोडर सुटा माल उचलायला असतो, जमीन खोदायला नसतो. तिथेच सगळे फसतात.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकामागे एक बोल्टांनी जोडलेले, तोच त्याचा कणा. लोडरची फ्रेम नुसती पुढे इंजिनजवळ बोल्ट मारून बसवली आणि बकेट घट्ट मातीत घुसवली, की सगळा झटका त्या जोडांवर. हाउसिंग तडकलं तर ट्रॅक्टर मधूनच उघडतो. म्हणून फ्रेम मागच्या एक्सलपर्यंत गेलीच पाहिजे. वेल्डिंगवाला म्हणेल, "चालतंय हो." नाही चालत. दुसरं, बकेट भरली की पुढचं जड आणि मागचं हलकं होतं, आणि ब्रेक तर मागच्याच चाकांना. आपल्या डोंगरउतारावर याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको. मागे लिफ्टला दगड भरलेली पेटी लावा, बकेट जमिनीलगत ठेवूनच चाला, आडव्या उतारावर नेऊच नका.

आता खोदण्याचं. लोडर आला की ठेकेदार येणारच. "मुरूम भरून द्या, ट्रॉलीमागे पैसे देतो." विनापरवाना मुरूम काढला तर महसूल कायद्याच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर ट्रॅक्टर जप्त. ट्रॅक्टर आपला, म्हणजे निस्तरायचं आपणच. ठेकेदार त्या दिवशी फोन उचलत नाही. जंगलात बकेट लावली तर फॉरेस्टवाले आहेतच.

पाड्याला रस्ता पाहिजे, मान्य. त्यासाठी वनहक्क कायद्याचं कलम 3(2) आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि गावसभेची शिफारस पाहिजे. ठराव करा, रस्ता मागा. रात्री गुपचूप बकेट फिरवून झालेल्या रस्त्यावर उद्या आपल्याच दाव्याविरुद्ध बोट दाखवतील.

रोजगार हमीच्या कामावर तर लोडर दिसताच कामा नये. 2005 च्या कायद्यात ठेकेदाराला मनाई होती, आणि माणसाचं काम खाणारं मशीन होता होईतो वापरू नये असं लिहिलं होतं. मजुरीसाठी मोर्चा आपला आणि मजुरी खाणारं मशीनही आपलंच, हे कसं जमायचं?

चावी गावसभेच्या समितीकडे ठेवा. कुठे गेला, किती तास, कोणी चालवला, ते वहीत लिहा. आरटीओत बदलाची नोंद करा, नाहीतर अपघात झाला तर विमावाला हात वर करेल.

पैसे देण्याआधी एवढं करा. बकेट भरून वर उचला, इंजिन बंद करा, कोणाला खाली उभं राहू देऊ नका आणि चहा पिऊन या. तोवर बकेट खाली सरकली असेल तर जॅक नाहीतर व्हॉल्व्ह गेलेला आहे. भाव पाडा, नाहीतर घरी या.